सुट्या पडणाऱ्या चार टापा

मी घोडी आहे, वय बावीस. आमच्या वंशातली खऱ्या चालीची शेवटची.

साधा घोडा दुडकतो तेव्हा त्याचे दोन-दोन पाय एकदम पडतात आणि स्वाराची हाडं खिळखिळी होतात. माझे चारही पाय सुटे पडतात. माझ्या पाठीवर बसून भरल्या पेल्यातलं पाणी न सांडता प्यावं. ही चाल शिकवून येत नाही, रक्तातून येते. हौसेने रपेट करणाऱ्यांसाठी माझी मालकीण ताई, तिच्या आजोबांनी पाच घोड्या आणि एक वळू जमवून हा वंश उभा केला. शिंगरू पायांवर उभं राहिलं, की ते त्याला आईमागे चालवत आणि डोळे मिटून टापा ऐकत.

आजोबा गेले. विक्री ताईच्या भावाकडे आली. दादाला गिऱ्हाईक कळे, घोडा नाही. ज्या तरुण घोड्यांना ही चाल नव्हती, त्यांना त्याने जड नाल ठोकले. ओझ्याने पाय सुटे पडतात. गिऱ्हाइकं खूश! पण रक्ताची चाल कुणाची आणि लोखंडाची कुणाची, हे दादाला स्वतःलाच कळेनासं झालं. जुना वळू खऱ्या चालीचा, पण ठेंगणा, मातकट. तो त्याने विकला. जड नालांवर चालणारा एक उंच, काळाभोर घोडा वळू म्हणून ठेवला.

त्याच्यापासून मला तीन शिंगरं झाली. तिन्ही दुडकी.

शेवटी ताईने काळ्याचे नाल उपटले आणि त्याला फरशीवर चालवलं. टप, टप. दोनच आवाज.

"दादा, हा दुडकतोय!"

"अगं, नाल काढल्यावर काय होणार? घाल परत, चालेल झोकात."

"आणि त्याची पोरं? ती काय पोटातूनच नाल ठोकून येणारेत?"



मी माजावर आले, तशी ताई मला गाडीत घालून जुन्या वळूकडे घेऊन गेली. एका मैदानात तो लहान मुलांना फिरवत होता. चारही टापा सुट्या, स्वच्छ. ताईचे डोळे भरून आले.

"एकदाच द्या हो याला," ती मैदानवाल्याला म्हणाली.

"कशाला ताई? पोरं बसतात यावर. आणला त्याच आठवड्यात खच्ची करून घेतला. अगदी गरीब गाय झालाय!"

जुन्या वळूने माझी मान हुंगली आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. आता माझी कूस मिटली आहे. ताई रोज मला फरशीवरून चालवते आणि मोबाईलवर माझ्या टापा भरून घेते.

तुमच्या पागेत एखादा ठेंगणा, मातकट असेल, तर विकण्याआधी त्याला नाल काढून चालवा. उद्या नको, आजच. आमच्या ताईकडे टापांचा आवाज राहील. पण आवाज गाभण राहत नाही.