आधी पेटी, मग दाढ

बुजगावण्याच्या गळ्यात माझ्या दवाखान्यातला निळा नॅपकिन बघितला आणि मी गाडीतूनच ओरडले, "चोर कुठली!"

पंधरा दिवसांपूर्वी माझी बालमैत्रीण, जिला शाळेपासून सगळे पैलवान म्हणतात, माझ्या खुर्चीतून उठून त्या नॅपकिनसकट पळाली होती. मी दातांची डॉक्टर. ती घरामागे पाच मधपेट्या, काकडीचे वेल, अकरा कोंबड्या आणि एक शेळी सांभाळते. हजारो माश्यांत उघड्या हातांनी वावरणारी बाई एका सुईला घाबरते, आता काय बोलावं! सकाळीच तिच्या लेकीचा फोन आला होता. "मावशी, आईचा गाल टम्म फुगलाय. दोन दिवस पाण्यावर आहे. तुझं नाव काढलं की खुराड्यात जाऊन बसते." दाढेतला पू पसरला तर काय होतं ते मला चांगलंच ठाऊक आहे. रविवार असूनही मी निघाले.

पैलवान खरंच खुराड्याच्या दारात बसली होती. तोंडात टोमॅटो लपवल्यासारखा गाल.

"मी येणार नाही. तू खोटं बोलतेस. मागच्या वेळी म्हणालीस, मुंगी चावल्यासारखं वाटेल, कळणारही नाही. चांगलंच कळलं!"

"अगं, सगळ्यांना तसंच सांगते. सवय झालीये."

"हो का? मग ती कडेची पेटी उघड. मधली चौकट उचल, राणीमाशी शोध आणि चौकट होती तिथे ठेव. हातमोजे मिळणार नाहीत. केलंस तर मुकाट गाडीत बसते."

झुरळ दिसलं की मी स्टुलावर चढते. पण तो गाल समोर होता, शिवाय माझं डोकं फिरलं होतं, आणि डोकं फिरलं की मी काहीही करते. "आण तुझी टोपी!"

टोपीच्या जाळीला नेमकं तोंडासमोर भोक. शेळीने खाल्लं होतं म्हणे. पैलवानने तिथे कपड्यांचा चिमटा लावला, पेटीत थोडा धूर सोडला आणि माझ्या मागे उभी राहिली.

"तोंड बंद. त्यांच्यावर श्वास सोडू नकोस, चिडतात. हात सैल सोड. हलू नकोस. काही होत नाही."

रोज वीसजणांना मी हेच ऐकवते! तोंड उघडा, एवढाच काय तो फरक.

चौकट उचलली तर चांगलीच जड. मधाने भरलेली, वर माश्याच माश्या. काही माझ्या बोटांवरून चालायला लागल्या. त्यांच्या पायांनी इतक्या गुदगुल्या झाल्या की पोटातून हसू उसळलं, आणि तोंड तर बंद ठेवायचं! खांदे गदागदा हलायला लागले. मागे पैलवानही फुसफुसत होती. आणि मग ती दिसली. लांबट, ऐटीत चालणारी, बाकीच्या तिला वाट करून देत होत्या.

"सापडली!" मी किंचाळले.

चिमटा उडाला. खालच्या ओठावर डंख बसला.

"चौकट!" पैलवान ओरडली. "राणी चिरडेल!"

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण मी चौकट सोडली नाही. हळूहळू जागेवर बसवली, झाकण लावलं आणि मग काकडीच्या वेलांमधून बोंबलत धावले. माझ्यामागे शेळी, तिच्यामागे पैलवान. तिने मला पकडून नखाने काटा खरवडून काढला. हसता हसता गाल दाबून धरत होती.

"मुंगी चावल्यासारखं वाटलं?"

"नाही. निखारा ठेवल्यासारखं."

तिने पदराने माझे डोळे पुसले. "चल."

दवाखान्याच्या वॉचमनने आम्हा दोघींची तोंडं बघितली आणि कुणी कुणाला मारलं हे विचारायचंही टाळलं.

खुर्चीत बसल्यावर पैलवानचा आवाज अगदी बारीक झाला. "दुखेल?"

नेहमीचं वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं. "दुखेल. सुई टोचताना नक्की दुखेल. मी दहापर्यंत मोजेन. दहाला संपेल."

"नक्की दहा?"

"नक्की."

तिने पर्समधून निळा नॅपकिन काढला. बुजगावण्याच्या गळ्यातून कधी सोडवून आणला होता कोण जाणे. पक्ष्यांनी त्यावर जमेल ते सगळं करून ठेवलं होतं. तो तिने स्वतःच गळ्यात बांधला आणि तोंड उघडलं.

फुगलेल्या ओठाने मी मोजायला लागले. सहाला तिने माझ्या एप्रनचं टोक मुठीत गच्च धरलं. दहाला सोडलं.