उजव्या सीटचं गिऱ्हाईक

घरात सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत, आणि बेचाळिसाव्या वर्षीही ते नाव काही सुटलं नव्हतं. कारखान्यात तिच्या दारावर ‘प्रसिद्धी विभाग’ अशी ऐटबाज पाटी होती. विभाग म्हणजे ती एकटी, एक कॉम्प्युटर, आणि खिडकीबाहेर रंगाच्या वासाने घमघमणारी मोठी शेड. शेडमध्ये छोटी विमानं बनत. चार माणसांची, एका इंजिनाची, पेट्रोलवर उडणारी. तिकीट काढून बसायची नव्हेत, ऐपत असलेल्या हौशी माणसाने स्वतः विकत घेऊन स्वतः चालवायची. असे हौशी लोक पुष्कळ होते. विमानं मात्र शेडमध्ये धूळ खात होती.

ती कामाला लागली तेव्हा कंपनीच्या माहितीपत्रकात नुसते आकडे असत. इंजिनाची ताकद किती, वेग किती, एका टाकीत किती लांब जातं. पुरुषमंडळी प्रदर्शनात येत, पंखावरून हात फिरवत, पत्रक छातीशी धरून घरी जात, आणि मग त्यांचा पत्ता नसे. विक्रीसाहेब हळहळत, “अहो, अगदी सही करायच्या बेतात होतं गिऱ्हाईक. घरी गेलं आणि थंड झालं.”

धाकटीने तीन प्रदर्शनं नुसती उभी राहून पाहिली. नवरा विमानात डाव्या सीटवर बसून सगळी बटणं दाबून बघत असे. बायको बाहेर उन्हात, तंबूच्या दोरीपाशी, दोघांच्या पिशव्या सांभाळत ताटकळत असे. तिला कुणी साधं बसा म्हणत नसे. या विमानांत डावी सीट चालवणाऱ्याची आणि उजवी त्याच्या शेजारणीची. धाकटीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विमान घ्यायचं की नाही ते घरी जाऊन उजवी सीट ठरवत होती, आणि त्या उजव्या सीटशी कंपनीतला एकही शहाणा आजवर अवाक्षर बोलला नव्हता.

उजव्या सीटला नेमकी भीती कशाची वाटते हे विचारायला तिला लांब जावं लागलं नाही. ती दादाकडे गेली.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दातांचा डॉक्टर. उडायला शिकून त्याला नऊ वर्षं झाली होती. क्लबचं विमान तासावर भाड्याने घ्यायचं आणि रविवारी शहराभोवती घिरट्या घालायच्या, एवढंच त्याचं सुख. स्वतःच्या विमानाचा विषय तो घरात दर महिन्याला काढी आणि वहिनी दर महिन्याला तो मोडीत काढी. दादा हाताने कुशल, मनाने लोण्यासारखा. फक्त माघार म्हणून काही असतं हे त्याच्या गावी नव्हतं. रस्ता चुकलाय हे कळल्यावरही तो आणखी वीस मैल पुढे जाई. एकदा पुलावरून पाणी वाहत असताना त्याने गाडी आत घातली होती. तेव्हा वहिनी शांतपणे “गाडी वळवा” म्हणाली आणि त्याने वळवली. जगात त्याला वळवू शकेल असं ते एकच माणूस होतं.

“मला पडायची भीती नाही वाटत गं,” वहिनी भांडी पुसता पुसता धाकटीला म्हणाली. “म्हणजे, वाटतेच. पण खरं सांगू का वन्सं?” नणंदेला ती चेष्टेने वन्सं म्हणे, पण आत्ता चेहरा चेष्टेचा नव्हता. “वर गेल्यावर तुझ्या दादाला काही झालं तर? चक्कर आली, छातीत कळ आली? मागे ठकी बसलेली. आणि मी शेजारी बसून नुसती बघणार. माझ्या हातात काहीच नाही. ते मला सहनच होणार नाही.”

ठकी म्हणजे त्यांची नऊ वर्षांची लेक. आतल्या खोलीत ती अभ्यासाच्या नावाखाली चित्रं काढत होती.

धाकटीने घरी येऊन ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. दुसऱ्या दिवशी तिने त्यावरून जाहिरात लिहिली.

कंपनीच्या विमानात छताला एक लाल हँडल होतं. ते ओढलं की शेपटीकडून भलंमोठं पॅराशूट उघडे आणि अख्खं विमान माणसांसकट तरंगत खाली येई. गोष्ट खरी होती, पण इंजिनिअर लोकांनी ती पत्रकाच्या शेवटच्या पानावर, रंगांच्या यादीखाली दडपली होती. धाकटीने ती पहिल्या पानावर आणली. फोटोत डावी सीट दिसतच नव्हती. उजव्या सीटवर एक बाई निवांत बसलेली, मागे पेंगुळलेलं मूल, वर लाल हँडल. खाली दोनच ओळी: “विमान त्यांना चालवू द्या. हे तुमच्या हातात आहे.”

तीच जाहिरात मासिकांतही आली आणि ऑर्डरींची रीघ लागली. विमानासाठी चौदा महिने थांबावं लागू लागलं. प्रदर्शनात आता उजव्या दाराशी खुर्च्या आणि थंड पाणी होतं, आणि आधी बाईंना आत बसवायचं हा नियम झाला. धाकटीने विक्रीच्या माणसांना शब्दांची यादीच करून दिली. अपघात म्हणायचं नाही, कोसळलं म्हणायचं नाही, इंजिन बंद पडलं म्हणायचं नाही. ‘अनपेक्षित प्रसंग’ म्हणायचं. विक्रीसाहेब तिच्याकडे देव्हाऱ्यात बघावं तसे बघू लागले.

मग एके दुपारी कॅन्टीनमध्ये कप्तान तिच्या समोर येऊन बसला. नव्या मालकांना विमान शिकवणारा हा कंपनीचा म्हातारा पायलट, एरवी कुणाशी फारसं न बोलणारा.

“तुमची जाहिरात झकास आहे,” तो म्हणाला. “ती पॅराशूटची छत्रीही झकास आहे. माणसं वाचलीत तिने, मी नाही म्हणत नाही. पण बाई, पूर्वी डोंगरावर ढग दिसले की माणूस घरी जायचा. आता ढगाकडे बघतो, मग छताकडे बघतो, आणि जातो.”

“पण छत्री उघडतेच ना?”

“उंचावर उघडते. ढगात वाट चुकून डोंगराच्या कुशीत शिरल्यावर तिला उघडायला जागा कुठली?” त्याने कप बाजूला सारला. “आणि शेजारची बाई पूर्वी म्हणायची, राहू दे, उद्या जाऊ. ती एक बाई शंभर उपकरणांच्या बरोबरीची होती. आता तीही गप्प असते.”

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला.

“मासिकातली ती जाहिरात तुझीच ना गं? वाचून मला रडूच आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याशी बोललं असं वाटलं.”

धाकटी घाबरली. सरळ विक्रीसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, पत्रकात एक पान घालायचंय. ‘कधी उडू नये’ असं पान. छत्री कधी उपयोगाची नाही, ढगात काय होतं, डोंगरात काय होतं, सगळं मोठ्या अक्षरात. तिला वाटलं होतं साहेब हाकलून देतील. तेवढ्यावर नोकरी सोडायचीही तिने तयारी केली होती. पण साहेब म्हणाले, “लिहा की. आधी चार लोकांना दाखवून बघू.”

तिने जीव ओतून लिहिलं. स्वतःच बंदी घातलेले सगळे शब्द वापरले. बारा बायकांना एका खोलीत बसवून ते पान वाचायला दिलं आणि धाकटी काचेपलीकडून बघत बसली. बायकांनी पान वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग एकीने मान डोलावली. “इतकं स्पष्ट सांगतात म्हणजे कंपनी प्रामाणिक दिसते.” दुसरी म्हणाली, “लपवण्यासारखं असतं तर छापलं असतं का?” बारापैकी दहा जणींनी घ्यायला हरकत नाही असं लिहून दिलं. आधीच्या पत्रकाला सात जणींनी दिलं होतं.

“तुम्ही म्हणजे जादूगार आहात,” विक्रीसाहेब म्हणाले. त्यांनी ते पान दुसऱ्या क्रमांकावर टाकलं. धाकटीने ते काढून टाका म्हणून हात जोडले, तेव्हा त्यांना ती विनयच करतेय असं वाटलं.

ते पान वाचून वहिनीने होकार दिला.

धाकटी धावतपळत त्यांच्या घरी पोचली. पान फ्रिजवर चिकटवलेलं होतं. दादा टेबलावर नकाशा पसरून बसला होता. वहिनीचं माहेर डोंगरापलीकडे, गाडीने सात तास लांब. विमानाने तासाभराचं काम.

“नका घेऊ,” ती उभ्या उभ्या म्हणाली. “मी पाया पडते. दादा, तू ढगात शिरशील. तू वळणार नाहीस. कप्तान सांगत होता, माणसं मरतात, छत्री असून मरतात.”

दादा हसायला लागला. “अगं, तूच विकतेस आणि तूच भिववतेस? दुकान चालायचं कसं तुझं?”

“मी चेष्टा करत नाहीये.”

“ठाऊक आहे. तुझा स्वभावच चिंतातुर. लहानपणी झोपाळ्यावरही माझ्या शर्टाला लोंबकळायचीस.” आणि तो पुन्हा नकाशात शिरला.

ती वहिनीला हाताला धरून आत घेऊन गेली. दार लावलं. “वहिनी, ती जाहिरात तुझी आहे. त्या दिवशी भांडी पुसताना तू बोललीस ते मी वहीत लिहून घेतलं. तुझीच भीती घेतली आणि तुलाच विकली. कळतंय का तुला? ते हँडल तुझ्यासाठी नाही लावलेलं. ते वाक्य तुझ्यासाठी लावलंय.”

वहिनी पलंगाच्या कडेवर बसली. धाकटीला आशा वाटली. आता ही रागावेल, एक थोबाडीत देईल, चालती हो म्हणेल. काहीही चाललं असतं.

“मग बरंच झालं की,” वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मी एवढंसं बोलले ते तू लक्षात ठेवलंस. माझ्या मनातलं होतं म्हणूनच ते मला पटलं, नाही का?” तिने धाकटीच्या गालाला हात लावला. “तू नको काळजी करूस. मी सगळं वाचलंय. ते पान तर पाठ आहे मला.”

धाकटीजवळ आणखी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे होतं ते सगळं तिने छापून मोकळं केलं होतं.

चौदा महिन्यांनी, वसंतात, विमान आलं. तिने कप्तानाला गाठून दादाला नीट शिकवा म्हणून विनवलं. कप्तानाने शिकवलं, आणि शेवटी म्हणाला, “हात चांगला आहे त्याचा. परवाना आहे, विमान आहे. मी कोण अडवणार?”

पहिली मोठी फेरी शनिवारी ठरली, वहिनीच्या माहेरी. सकाळी नऊला धाकटी क्लबच्या मैदानावर गेली. डोंगराच्या दिशेला पांढरट काहीतरी होतं. दादा म्हणाला, धुकं आहे, दहापर्यंत जाईल. ठकी मागच्या सीटवर कानाला मोठाले हेडफोन लावून बसली आणि आत्याला बघून तिने दोन्ही अंगठे वर केले. वहिनी उजव्या सीटवर बसली, पट्टा बांधला, आणि वर हात नेऊन हँडल नुसतं चाचपून पाहिलं. अगदी फोटोतल्या बाईसारखी निवांत दिसत होती. दहाला विमान निघालं तेव्हा धाकटीने हात हलवला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

घरी येऊन ती फोन समोर ठेवून बसली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एक तासाचं अंतर होतं. तिने अन्न गरम केलं आणि तसंच ठेवलं. मनात एक विचार आला आणि तिला स्वतःचीच किळस वाटली: थोडंसं काहीतरी व्हावं. कुणाला खरचटूही नये, पण घाबरतील एवढं. चाक रुतावं, इंजिनाने कुरकुर करावी, ठकीने रडून गोंधळ घालावा. वहिनीने पुन्हा कधी त्यात पाऊल ठेवू नये, एवढंच. ती देवाकडे तेवढं मागत होती.

पावणेबाराला फोन वाजला.

“पोचलो गं!” वहिनीचा आवाज नव्या नवरीसारखा उजळला होता. मागे ठकी मामाला काहीतरी ओरडून सांगत होती. धाकटी खाली जमिनीवरच बसली. सुखरूप होते. तिला रडू आलं.

“काय मजा आली सांगू तुला! वाटेत ढगच ढग. डोंगर दिसेनासे झाले. तुझ्या दादाचा चेहरा असा पांढरा पडला, आणि चक्क मला म्हणतो, मागे वळूया का? आहे का हे कधी ऐकलेलं? आयुष्यात पहिल्यांदा तो वळायचं म्हणाला.”

“मग?” धाकटीने विचारलं.

“मग काय, मीच म्हटलं, चला हो पुढे, घाबरताय काय एवढे. मी आहे ना शेजारी.” वहिनी हसली. मग म्हणाली, “ऐकतेयस ना गं?”

“ऐकतेय,” धाकटी म्हणाली.