तिसऱ्या पेल्याचा आशीर्वाद

मी कॉफीची सुरई बोलतेय. इथिओपियात मला जेबेना म्हणतात. काळ्या मातीची, उंच मानेची. असनाकेच आजींनी मला कुंभारणीकडून टिचक्या मारून पारखून आणलं.

जेवण झालं की मला निखाऱ्यावर ठेवायचं, शेजारणींना हाका मारायच्या आणि एकाच भुकटीवर तीनदा कॉफी उकळायची. तिसरा पेला म्हणजे आशीर्वाद. तो न घेता उठणं म्हणजे घराचा अपमान. या मानाचा मला केवढा तोरा होता!

मग आजींची सून वुबित पोटुशी राहिली. ईस्टरआधीचे मोठे उपास चालू होते. दूध, अंडी, मटण बंद. गरोदर बाईला त्यात सूट असते, पण ती मागायला वुबित लाजली. नुसता इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं धिरडं, पातळ डाळ आणि वर माझी कॉफी. तिचे ओठ पांढरे पडत गेले. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्याही ती माझ्या कॉफीबरोबरच गिळायची.

परवा ऐन कॉफीच्या वेळी नर्सबाई आल्या.

"अगं, रक्त वाढणार कसं? जेवणावर लगेच कॉफी घेतलीस की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. गोळीचंही तेच. असंच चाललं तर बाळंतपणात जिवावर बेतेल."

लाजेनं मान खाली घालावी म्हटलं, तर मातीची मान वाकत नाही.

"काहीतरीच!" आजी फणकारल्या. "माझी सगळी बाळंतपणं हिच्या कॉफीवरच झाली."

"आणि शेवटच्या वेळी खाटेवर घालून दवाखान्यात कुणी नेलं?" शेजारीण त्सेहाय म्हणाली. "आमच्या ह्यांचा खांदा अजून दुखतोय!"

आजींनी वुबितच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं. वुबितनं पेला पुढे केला. "सासूबाई, तिसरा राहिलाय. तुमचा आशीर्वाद..."

आजींनी पेला काढून घेतला. "आशीर्वाद काय पेल्यात असतो होय? डोकं इकडे कर." हात ठेवून त्या बराच वेळ पुटपुटल्या. मग अंडं उकडायला ठेवलं.

"अहो, उपास..."

"तुझ्या वाट्याचा मी धरते. तू खा. मला आधीच कळायला हवं होतं गं."

आता दुपार पार कलल्यावरच मी चुलीवर चढते, आणि वुबित एखादाच पेला घेते. तिला अजून उठताना भिंत धरावी लागते. ते पाहिलं की माझा सुगंध मलाच नकोसा होतो.

बायांनो, पोटुशी लेक-सून जेवायला बसली की मला फळीवरच राहू द्या. मी रुसणार नाही.