केसांचा विषय काढायचा नाही

दुकानात दोन खुर्च्या होत्या. एक विग घालणारीची आणि एक ‘छान दिसतंय गं’ म्हणणारीची. दुसरीवर मी पर्स ठेवली.

“सोबत कोणी येतंय का?” दुकानवाल्या काकूंनी विचारलं.

“आलीय ना,” मी पर्सकडे बघून म्हटलं.

काकूंनी टेपनं माप घेतलं. कपाळापासून मानेपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. मध्ये अडथळा असा काही नव्हताच. गेल्या वर्षी डोक्यावर एक चाई पडली, नाण्याएवढी. मग तिला मैत्रिणी मिळाल्या. मग एकूण एक केस गेला, भुवयांसकट. डॉक्टर म्हणाले, बाकी तब्येत ठणठणीत आहे. आई फोनवर दर वेळी नवं तेल सुचवायची. “अगं, पण लावू कशाला?” मी विचारायचे. “केसांना,” आई म्हणायची.

“आधी कसे होते?” काकूंनी विचारलं.

“वाईट. तेलकट, चपटे, टोकांना फाटे फुटलेले.”

“मग आता कसे हवेत?”

“तसेच.”

असं गिऱ्हाईक त्यांना पहिलंच भेटलं असावं. तरी त्यांनी खोकी काढली. पहिल्या विगमध्ये मी बातम्या देणारी दिसले. दुसऱ्यात थेट मोठी आत्या. इतकी, की मीच आरशाला वाकून नमस्कार करणार होते. तिसरा खांद्यापर्यंतचा होता, कपाळावर झुलपं आणि एकंदरीत जरा मरगळलेला. हा माझा.

“डोकं हलवा. वाका. आता शिंका.”

“शिंक येत नाहीये.”

“मग खोटी शिंका. विग कुठे खरा आहे?”

मी शिंकले. विग जागचा हलला नाही. मी वळून पर्सकडे बघितलं. तिनं काही मत दिलं नाही.

“आठवडाभर वापरून बघा. नाही आवडला तर बदलून देईन. घरच्यांना विचारा.”

“घरी मीच असते.”

“मग ऑफिसात विचारा.”

आमच्या ऑफिसात फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेतात. माझ्या शेजारी रेडिओ बसते. तिला बंद करायचं बटण नाही म्हणून ती रेडिओ. पूर्वी रोज सकाळी ती माझ्या केसांचा समाचार घ्यायची. “आज काय गं, कावळ्याला घरटं भाड्यानं दिलंस?” मी पहिल्यांदा स्कार्फ बांधून आले, तेव्हा मॅडमनी मला कसल्याशा कामाला बँकेत पिटाळलं आणि मागे मीटिंग घेतली. ठरलं, की हिच्यासमोर केसांचा विषय काढायचा नाही.

हेतू चांगलाच होता. पण आमच्याकडे जे ठरतं ते फार मनापासून पाळलं जातं. कंगवा, शांपू, न्हावी हे शब्द बंद झाले. रेडिओ एकदा दिराबद्दल सांगताना “त्यानं केसानं” म्हणाली आणि अडकली. मग म्हणाली, “मफलरनं गळा कापला गं आमचा.” दिराला पोलीस घेऊन गेले की काय, म्हणून मी दोन दिवस काळजीत. पुढे असली घसरगुंडी नको म्हणून सगळ्यांनी माझ्याशी बोलणंच कमी केलं. डबा खातानासुद्धा माझ्या टेबलावर फक्त झाकणांचा आवाज यायचा.

सोमवारी मी विग घालून गेले. मला एवढंच हवं होतं, की रेडिओनं काहीतरी बोलावं. चांगलंच बोलावं असं काही नाही. कावळासुद्धा चालला असता.

रेडिओनं वर बघितलं. खाली बघितलं. “आज एसी जास्त आहे ना?” म्हणाली.

मंगळवारी मी झुलपांना गुलाबी चिमटे लावले. मॅडम म्हणाल्या, पंखा कमी करू का. बुधवारी ऑफिसच्या आधी दुकानात जाऊन तो विग परत दिला आणि कमरेपर्यंतचा घेऊन आले. रात्रीत माझे केस हातभर वाढले होते आणि आख्खं ऑफिस हवामानावर बोलत होतं. शिपाईमामांनी चहा देताना माझी बट कपातून बाहेर काढली, नीट पिळली आणि न बोलता निघून गेले.

गुरुवारी डब्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन तो उलटा घातला. मागचे केस पुढे, नाकावरून थेट पोटापर्यंत. पुढचे मानेवर. भिंतीला हात लावत लावत जागेवर आले. स्क्रीन दिसत नव्हती. एका गृहस्थांची वॉशिंग मशीनची तक्रार मी अंदाजानंच टाइप केली. शेजारी कोणी हसलं नाही. केसांच्या आतून ऑफिस फारच लांब वाटत होतं. आतल्या आत श्वास गरम व्हायला लागला, आणि मला कळलं की आता मला रडू येणार आहे आणि ते कोणाला दिसणारही नाही.

मी विग सरळ केला.

“ए, कसे दिसतात?” मी रेडिओला विचारलं.

तिनं मॅडमच्या केबिनकडे बघितलं. “काय?”

“केस.”

“कुठले?” रेडिओ म्हणाली. अगदी हळू, अगदी मायेनं.

मी विग काढला आणि तिच्या कीबोर्डवर ठेवला.

“हे.”

एसीची हवा थेट टाळूवर आली. ओळीतले सगळे आपापल्या स्क्रीनला चिकटले. रेडिओ विगकडे बघत राहिली. मग तिचा फोन वाजला. तिनं हेडफोन लावला.

“नमस्कार, काय तक्रार आहे? हो सर. फ्रिज रात्री घुरघुरतो. बरं. कुठल्या बाजूनं घुरघुरतो?”

बोलता बोलता तिनं विग मांडीवर ओढला. एक गुंता बोटानं सोडवला. मग दुसरा. टोकाकडून वर, वरून खाली.

“हो सर, ऐकतेय,” ती म्हणाली. मग मान माझ्याकडे वळली. “गाढवे, उलटा कशाला घातला होतास? किती गाठी करून ठेवल्यास बघ.”

फोनमध्ये कोणीतरी काहीतरी विचारलं.

“तुम्हाला नाही हो, सर,” रेडिओ म्हणाली. “तुम्ही फ्रिजचं सांगा.”