एक्केचाळीस वेळा पुसलेला

मी पेनड्राइव्ह बोलतोय. अंगठ्याएवढा, बत्तीस जीबीचा, टोपण कधीच हरवलेला. आजवर मला एक्केचाळीस वेळा पुसलंय. पहिल्या चाळीस वेळांचं मला काही वाटत नाही. शेवटच्या वेळेचा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो ऐकवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जन्मले. कुणी शाळेत गेले, कुणी फोटोग्राफरच्या खिशात. माझंच नशीब फुटकं, मी पडलो अध्यक्षांच्या हाती. अध्यक्ष म्हणजे लिनक्स मंडळाचे. माणसं नऊ, आणि त्यांना अध्यक्ष! दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ही मंडळी जमतात. वाचनालयाच्या ताई कुलूप उघडून देतात, पंखा लावतात आणि खाली निघून जातात. शहाण्या आहेत.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. फुकट मिळते, सगळ्यांची असते. तिला मी नावं ठेवत नाही हो, नावं ठेवतो तिच्या भक्तांना. तिच्या शेकडो तऱ्हा आहेत, एकेका तऱ्हेला ही मंडळी डिस्ट्रो म्हणतात. अध्यक्षांना दर पंधरा दिवसांनी नवी डिस्ट्रो आवडते. मग मला पुसायचं, नवी माझ्यात भरायची, लॅपटॉपवर चढवायची आणि जाहीर करायचं, "आता हीच शेवटची." पोरीच्या लग्नासाठीसुद्धा माणूस इतकी स्थळं बघत नाही. एवढं करून त्या लॅपटॉपवर त्यांनी साधं एक पत्र टाईप केलेलं मी पाहिलं नाही.

त्यांचे हाडवैरी कमांडकाका. वीजखात्यातून निवृत्त झालेले. माऊसला हात लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. नव्या माणसाने काहीही विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "मॅन्युअल वाचलंत का?" एकदा एका बिचाऱ्याने बाथरूम कुठे आहे विचारलं, तेव्हाही काकांच्या तोंडून आधी 'मॅन्यु' एवढं निघालंच होतं.

अशा या दरबारात एका रविवारी शिवणताई आल्या. त्यांचा धाकटा भाऊ अपघातानंतर चाकाच्या खुर्चीला खिळला, तेव्हापासून त्या बसून राहणाऱ्या माणसांसाठीच कपडे शिवतात. मागून उंच, पुढून आखूड, बाजूने उघडणारी पँट. प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून प्रत्येकाचं कटिंग वेगळं. मापं टाकून आखलेली अशी दोनशे बारा कटिंगं त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर होती. त्या लॅपटॉपला आता अपडेट मिळणार नाहीत म्हणून त्या घाबरलेल्या. खालच्या फळ्यावर त्यांनी वाचलं होतं, 'जुना संगणक फेकू नका, लिनक्स बसवून देतो.'

"माझ्या फाइली राहतील ना?" त्यांनी विचारलं.

"मॅन्युअल..." काका.

"अहो, थांबा!" म्हणत अध्यक्षांनी मला ताईंच्या हातात ठेवलं. "ताई, यात सगळं कॉपी करा आणि पुढच्या रविवारी या. बॅकअप म्हणतात त्याला."

आठवडाभर मी ताईंच्या दोऱ्यांच्या डब्यात राहिलो. काय सांगू, माझ्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी गरजेची गोष्ट होती. मी ताठ मानेने परत आलो. ताईंनी मला अध्यक्षांसमोर ठेवलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, "यात सगळं आहे बरं का."

"हो हो," अध्यक्ष म्हणाले. लक्ष कुठे होतं? काकांशी जुंपली होती ना! ताईंना कुठली डिस्ट्रो शोभेल यावर तासभर भांडण. ताईंना विचारावं असं एकालाही वाटलं नाही. शेवटी काकांनी स्वतःचा पेनड्राइव्ह खुपसला, ताईंच्या लॅपटॉपची डिस्क साफ पुसली आणि आपली डिस्ट्रो चढवली. वायफाय लागेना.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" अध्यक्ष आनंदाने ओरडले. दुसऱ्याची फजिती झाली की या मंडळींना सणाइतका आनंद होतो. त्या भरात त्यांनी मला उचललं, सवयीने पुसलं आणि आपली लाडकी डिस्ट्रो माझ्यात भरायला घेतली. मी ओरडत होतो. पण माझं ऐकतो कोण?

"अहो, तो माझा बॅकअप ना?" ताई म्हणाल्या.

खोलीत पहिल्यांदाच कुणालाही मत नव्हतं. काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "दोन बॅकअप ठेवायचे असतात. मॅन्युअलमध्ये आहे."

आवाज थांबला म्हणून वाचनालयाच्या ताई वर आल्या. त्यांचा कामाचा संगणक गेली नऊ वर्षं लिनक्सवर चालतो, हे मंडळाला माहीतच नव्हतं. कुणी विचारलं तर ना! "कुणी आता हात लावू नका," त्या म्हणाल्या आणि मला खाली घेऊन गेल्या. फाइली शोधणारा एक प्रोग्रॅम त्यांनी माझ्यावर दुपारपर्यंत चालवला. माझ्यात पुढच्या भागात अध्यक्षांच्या जुन्या भाषणांचे व्हिडिओ कोंबलेले होते. नवी डिस्ट्रो त्यांच्यावरच पडली आणि मागची बरीच कटिंगं वाचली. त्या भाषणांचा कुणाला उपयोग झाला तो तेवढाच.

एकशे सत्तर फाइली मिळाल्या, पण बिननावाच्या. शिवणताई एकेक उघडत गेल्या. "डावी मांडी बारीक, हे आपले जुने पोस्टमन. हा खांदा उतरलेला, शाळेच्या बाई." माप पाहून त्या माणूस ओळखत होत्या. बेचाळीस माणसं मात्र गेलीच. त्यांत भावाचं पहिलं कटिंगही होतं. घरी भाऊ म्हणाला, "रडतेस काय? परत मोज. पोट तसंही वाढलंय." त्या हसल्या, आणि टेप हातात घेऊन पुन्हा रडल्या.

वाचनालयाच्या ताईंनी अर्ध्या तासात लॅपटॉप चालू करून दिला. कुठली डिस्ट्रो आहे ते शिवणताई विचारत नाहीत. त्या कपडे शिवतात.

मी त्यांच्याकडेच राहिलो. माझ्यासाठी त्यांनी बटणाची छोटी पिशवी शिवली, आणि माझ्यात आता त्यांच्या नव्या मापाच्या वहीचे फोटो आहेत. मी सुखात आहे. पण परवा शिवणताईंच्या लॅपटॉपवर मंडळाने इंटरनेटवर टाकलेली बातमी दिसली: 'लिनक्स बसवून देण्याचं शिबिर यशस्वी. एका महिलेने बॅकअप न घेतल्याने थोडा खोळंबा झाला. सर्वांनी बोध घ्यावा.' खाली दोनशे उत्तरं. सगळी, कुठली डिस्ट्रो बरी यावर. ताईंनी ती वाचली आणि पायाने शिलाई मशीन चालू केलं.

मला हात नाहीत, नाहीतर मीच लिहिलं असतं. तुम्हाला आहेत. त्या दोनशे उत्तरांखाली माझ्यासाठी एवढंच लिहा: ताईंनी बॅकअप घेतला होता. तो माझ्यात होता, आणि तो तुम्ही पुसलात.