नव्व्याण्णवची विभूती

चंद्रपूरच्या एका खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या काचेला माणसं नाक लावून उभी होती. आत श्वासबाबांनी खुशालच्या कपाळाला विभूती फासली, "प्राणा, ये!" अशी आरोळी ठोकली आणि पडद्यावरचा, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा चढू लागला. एक्याण्णव, पंच्याण्णव, नव्व्याण्णव! बाहेर जयजयकार झाला. मला मात्र पहिल्यापासून या बाबाचा संशय होता. प्राण काय हाक मारल्यावर येतो?

खुशाल माझा शेजारी, ब्रह्मपुरीकडचा मासे धरणारा ढिवर. तलावात जाळ्यात पाय गुंतून बुडाला, फुप्फुसांत गढूळ पाणी गेलं, तेव्हापासून तो श्वासाच्या यंत्रावर होता. संध्याकाळच्या भेटीला दोघांनाच आत सोडत. त्याची बायको कुंता स्वतः बाहेर थांबून बाबाला आणि चेल्याला पाठवी.

"मंग रोज सकाळी तब्येत बिघडते काऊन?" मी कुंताला विचारलं.

"मास्तर, हंड्यातले मासे तडफडले तं आमी ताजं पानी ओततो. जेवढं जास्त, तेवढं बरं. बाबा आज रातभर नव्व्याण्णव ठेवतो म्हंते."

दुसऱ्या दिवशी मी काचेतून आकड्याकडे पाहिलंच नाही, चेल्यावर नजर ठेवली. आरोळी होताच चेला यंत्रामागे वाकला आणि त्यानं एक बटण फिरवलं. मी थेट खुशालवर उपचार करणाऱ्या डॉक्टर रंजिता यांना गाठून हे सांगितलं.

"म्हणजे प्राणवायू हा वाढवतो! सकाळच्या सिस्टरना वाटायचं, रातपाळीवाल्यांनी वाढवला," त्या भडकल्या. बटण जागेवर आणून त्यांनी चेल्याला बाहेर काढलं. "हं बाबा, करा आता चमत्कार."

बाबा घसा बसेपर्यंत ओरडला. आकडा एक्याण्णवच. "आज ग्रह आडवे आहेत," तो पुटपुटला. डॉक्टरांनी विभूतीला हात न लावता बटण फिरवलं. आकडा नव्व्याण्णववर गेला आणि त्यांनी लगेच बटण मागे घेतलं.

"कमी काऊन केलं, बाई?" कुंता दारातून कळवळली.

"तुमचे गळ गंजतात ना? ओल असते आणि हवेतला प्राणवायू लोखंड खातो. गरजेपेक्षा जास्त प्राणवायू तासन्‌तास आत गेला, की फुप्फुसाचं नाजूक अस्तरही तसंच खराब होतं. यांना एक्याण्णव पुरे आहे, म्हणून मी तेवढाच देत होते."

कुंता आत गेली आणि पदरानं खुशालच्या कपाळावरची विभूती पुसू लागली. "म्हंजे मीच त्याले गंजवून राह्यली होती?"

ती मागं वळेपर्यंत बाबा मागच्या जिन्यानं पसार झाला होता.

खुशाल वाचला, पण आता चार पायऱ्या चढल्या की त्याला दम लागतो. तलावात तो उतरत नाही. परवा एका बाईनं कुंताला बाबाचा पत्ता विचारला. कुंता म्हणाली, "पत्ता नाई देत, बाई. आंधी इचार, आकडा कोनं वाढवला, कसा वाढवला. आमी उशिरा इचारलं."