तलाव, एक किलोमीटर

“तलाव? कुठला तलाव?” पेंटरने कागद उलटून पाहिला, मागच्या बाजूला काही खुलासा असेल म्हणून.

नगरपालिकेचा कारकून चहाच्या कपातच बघत राहिला. “काका, लिहिलंय तसं रंगवा ना.”

वेशीवरचा पाहुण्यांसाठीचा फलक पेंटर एकतीस वर्षं रंगवत होता. शेतकऱ्यांच्या त्या गावात पाहण्यासारखं होतं तरी काय? चारशे वर्षांचं दगडी धान्यकोठार, टेकडीवरचा मनोरा, त्यावरचं आपल्या तब्येतीने चालणारं घड्याळ आणि खालच्या आळीतला बियाण्यांचा बाजार. पण पेंटरला त्याचा कोण अभिमान! येणारा माणूस त्याचीच अक्षरं वाचून गावात शिरायचा. यंदाच्या यादीत कोठार होतं, मनोरा होता. बाजार गायब. त्याच्या जागी ‘तलाव व नौकाविहार, १ कि.मी.’ आणि बाण खालच्या आळीकडे.

“अरे, तिथे नुसता ओढा आहे. बदक उभं राहिलं तरी पोट कोरडं राहतं त्याचं. नावा काय चिखलात चालवणार?”

कारकून हसला नाही. एरवी या पोराला कशावरही हसू यायचं.

“फलक आत्ता नाही लावायचा. दोन वर्षांनी. तयार ठेवा म्हणालेत साहेब.” त्याने उठून दार लोटलं. “माझं नाव घेऊ नका, काका. ओढ्यावर धरण मंजूर झालंय.”

पेंटरला दारांवरचे आकडे आठवले. मागे मोजणीवाले आले होते. ‘तुमचं अक्षर छान आहे’ म्हणत त्यांनी खालच्या आळीतल्या बासष्ट दारांवर लाल आकडे त्याच्याकडूनच घालून घेतले होते. घरांना नंबर मिळाले म्हणून शेजाऱ्यांनी कौतुकाने चहा पाजला होता. स्वतःच्या दारावरचा सतरा तर त्याने सावली देऊन काढला होता. आपल्याच हाताने! त्याला स्वतःची लाज वाटली.

वेशीपासून तो पावलं मोजत निघाला. किलोमीटर म्हणजे त्याची चौदाशे पावलं. पिठाच्या गिरणीपाशी बाराशे झाली. चौदाशेवं पाऊल आळीच्या तोंडाशी, उताराच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पडलं. म्हणजे तलावाचा काठ इथे.

खाली सगळी आळी दिसत होती. सुतार छपरावर बसून फुटकी कौलं बदलत होता. पेंटरची बायको अंगणात लिंबाचं रोप लावत होती. तिने मातीचे हात झटकत वर पाहिलं.

“अहो, तिथे काय उभे राहिलात? या की खाली!”

“आलो,” तो म्हणाला.

त्याच्या घराआधी सोळा दारं लागत होती. प्रत्येक दारात थांबून सांगायला हवं होतं. तो वाकला, पॅन्टचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि एकेक पायरी उतरू लागला.